डाळीतलं सत्त्व शोधणाऱ्या कमलाबाई

श्रावणी सोमवारी आमच्याकडे वालाचं बिरडं ठरलेलं असतं. शनिवारी रात्री वाल भिजत घालायचे, रविवारी फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे आणि सोमवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलत बसायचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला या उद्योगाचा अगदी कंटाळा यायचा. एकदा मी सासूबाईंना सुचवूनही पाहिलं की भिजवणं नको, मोड नको, सरळ कुकरला लावून टाकू. त्यांनी मान हलवली. असे वाल पोटाला बाधतात, एवढंच त्यांचं म्हणणं. का बाधतात ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी पडले कलाशाखेची.

हे 'का' शोधायला एक मराठी बाई प्रयोगशाळेत बसली होती, हे मला खूप उशिरा कळलं. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यानं वाल आणि डबल बी यांच्या दाण्यांतून पचनाला अडवणारा पदार्थ स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. तो शोध १९५५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात छापून आला. आपल्या परातीतला वाल तिथवर पोचला होता! या बाईंचं नाव डॉ. कमला सोहोनी. मैत्रिणींनो, आज त्यांची गोष्ट सांगायची आहे. त्यात आपल्या ताटातल्या डाळीची गोष्ट आहे, आणि थोडी माझ्या चुकीचीही.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. १९७५ साली आणीबाणीच्या दिवसांत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ठामपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई आपल्याला माहीत आहेत. तोच पीळ धाकटीतही होता. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून. तिथून बाहेर पडलेल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. त्यामुळे मुलीनं शिकावं की नाही हा प्रश्न या घरात नव्हता. १९३३ साली कमला रसायनशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, तीही गुणवत्ता यादीत वरचं स्थान मिळवून. पुढे वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत जायचं, हे तिनं मनात धरलं होतं.

तिनं अर्ज पाठवला आणि तो नाकारला गेला. कारण काय, तर अर्ज मुलीचा होता.

तेव्हा संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल मिळवलेले, साऱ्या देशाला अभिमान वाटावा असे शास्त्रज्ञ. बाईमाणसाला संशोधन जमायचं नाही, असं त्यांचं मत. दुसरी एखादी मुलगी रडून गप्प बसली असती. कमला थेट बंगळूरला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. गांधीजींचा काळ होता तो. आपल्याला न घेण्याचं योग्य कारण मिळेपर्यंत इथून हलायचं नाही, असा सत्याग्रहच तिनं त्यांच्या कार्यालयापाशी मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष ती रीतसर विद्यार्थिनी धरली जाणार नाही. तिच्या कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच ते मान्य होईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरासुद्धा काम करावं लागेल. आणि तिच्या असण्यामुळे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

ही शेवटची अट वाचताना कोणाही बाईला राग येईल. मलाही आला. पण मग मी जरा आपल्या घराकडे पाहिलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला बारावीनंतर सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. घरात सगळे बसून चर्चा झाली. तिथे मुलींची राहण्याची सोय, लॅबमधून रात्री उशिरा परतणं, बरोबरची मुलं, असे सगळे मुद्दे निघाले. आणि त्या चर्चेत मी, बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी तिची मावशी, मुद्दाम बहिणीच्या बाजूनं बोलले. गावातल्या कॉलेजात बी.ए. कर, आम्ही नाही का केलं, असं मीच तिला समजावलं. तिनं वाद घातला नाही. रामन यांनी तोंडावर सांगितलं होतं. आम्ही तेच मायेनं सांगितलं. फरक असलाच तर एवढाच.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांमधल्या प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. हा विषय गरिबांच्या ताटाचा होता. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या किंवा ती न परवडणाऱ्या घरांत प्रथिनांची भिस्त डाळीवर, कडधान्यावर आणि मिळालंच तर दुधावर.

प्रथिनं, म्हणजे आपण ज्यांना प्रोटीन म्हणतो ती, ही माळेसारखी असतात. ॲमिनो आम्ल नावाचे वीस प्रकारचे मणी वेगवेगळ्या क्रमानं ओवले की वेगवेगळी प्रथिनं तयार होतात. केस, नखं, स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, मधुमेहात ज्याचं नाव निघतं ते इन्सुलिन, पोटातले पाचकरस, ही सगळी त्यांचीच कामं. आपण खाल्लेली माळ शरीर आधी तोडतं आणि सुटलेल्या मण्यांतून स्वतःला हव्या त्या माळा ओवून घेतं. या विसांपैकी नऊ मणी मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन नावाचा मणी कमी पडतो, डाळीत तो भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात बरं असतं. म्हणून वरणभात, खिचडी, पिठलं-भाकरी या जोड्या उगाच जमलेल्या नाहीत.

पण अन्नात प्रथिन किती, हे मोजायचं कसं? त्याची जुनी पद्धत अशी, की पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ नं गुणायचं, कारण प्रथिनांत साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो. गोम अशी की अन्नातला सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. डाळीत प्रथिनांशिवायचाही नायट्रोजन असतो. तो बाजूला काढला नाही तर आकडा फुगतो. कमलाबाईंनी डाळींमधला हा बिनप्रथिनाचा नायट्रोजन वेगळा करून अभ्यासला. हे किती मोलाचं आहे ते २००८ साली जगाला कळलं. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळून प्रोटीनचा आकडा वाढवून दाखवला गेला. त्यात सहा बाळं गेली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली.

१९३६ साली कमलाबाईंना एम.एस्सी. मिळाली, विशेष गुणवत्तेसह. त्यांचं काम पाहून रामन यांनाही मत बदलावं लागलं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठी उघडलं. म्हणजे एकीनं सोसलं, आणि मागून येणाऱ्यांना ते सोसावं लागलं नाही. असं असलं तरी मनातला सल गेला नव्हता. रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे असले तरी या बाबतीत कोत्या मनाचे होते, आणि आपल्याला मिळालेली वागणूक आपण विसरू शकलो नाही, असं त्यांनी म्हातारपणी जाहीर सभेत सांगितलं. मला हे आवडलं. जिंकल्यावर झालेला अपमान विसरून जायचा, असा धडा आपल्याला लहानपणापासून देतात. त्यांनी तो घेतला नाही.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. प्रथिनांच्या माळेतला ट्रिप्टोफॅन हा मणीही त्यांनीच शोधलेला. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल दिवसा कमलाबाईंना दिलं आणि स्वतः रात्री काम करायचं ठरवलं, असं सांगतात. बंगळूरला रात्रीचं काम ही त्यांच्यासाठी अट होती. इथे एका पुरुषानं त्यांच्यासाठी रात्र पत्करली.

नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींवर काम करू लागल्या. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना 'सायटोक्रोम सी' सापडलं. हेही एक प्रथिनच, पोटात लोहाचा कण धरून बसलेलं. आपण खाल्लेल्या अन्नापासून ऑक्सिजनच्या मदतीनं पेशी ऊर्जा मिळवतात, त्या साखळीतला हा एक दुवा. हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे कमलाबाईंनी दाखवलं. माणूस असो की बटाटा, श्वासाची रीत एकच, असा त्याचा अर्थ. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा, कामाला लागलेला वेळ चौदा महिने. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून विज्ञानातली डॉक्टरेट मिळवली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. पहिली कोण आणि दुसरी कोण, यापेक्षा त्या काळात दोघी तिथवर गेल्या हे मोठं.

परदेशात राहून नाव कमावता आलं असतं. पण त्याच वर्षी त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात नव्यानं सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. मग निलगिरीतल्या कुन्नूरला पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली, आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि कमलाबाई मुंबईकर झाल्या. १९४९ पासून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक. संसार, मुलं आणि विद्यार्थी, सगळं एकाच वेळी.

वालाचं काम झालं ते इथेच. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचकरस आतड्यात येतो. तो प्रथिनांच्या माळा तोडतो. तो स्वतःही प्रथिनच, हे विशेष. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला धरून ठेवणारी प्रथिनं असतात. बियांवर टपलेल्या किडींपासून झाडाला त्यांचा उपयोग होतो, आपल्याला मात्र त्रास. ती पोटात गेली की ट्रिप्सिन अडकून पडतं आणि डाळीतलं प्रथिन असूनही अंगी लागत नाही. भिजवणं आणि मोड आणणं यांनी ही अडवणूक काही अंशी कमी होते आणि भरपूर पाण्यात नीट शिजवल्यावर बरीचशी निकामी होते. सासूबाईंना नाव ठाऊक नव्हतं, पण काम बरोबर ठाऊक होतं. प्रयोगशाळेत कमलाबाई ज्याचे स्फटिक काढत होत्या, ते सासूबाई परातीत आणि पातेल्यात निस्तरत होत्या.

हल्ली वजन कमी करायचं म्हणून वाटीभर कच्चे मोड खाण्याची टूम आहे. माझ्या बचत गटातल्या कितीतरी जणी खातात आणि मग पोट गच्च झालं म्हणून तक्रार करतात. मुगाचे थोडे मोड एक वेळ चालतील, पण वाल, पावटा, राजमा, सोयाबीन कच्चे खाऊ नका. नीट शिजवून खा.

कमलाबाईंचं दुसरं गाजलेलं काम नीरेचं. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी ताडा-माडाच्या ताज्या, न आंबलेल्या रसातली पोषणद्रव्यं तपासली. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा झाल्याचं त्यांना आढळलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्या सल्ला देत. दूध नासू नये म्हणून काय करावं, हे त्यांनी शोधून दिलं. विषय बघा सगळे: दूध, डाळ, नीरा. रोजचे, स्वस्तातले, चूल सांभाळणारीच्या हातातले.

एवढं करूनही संस्थेच्या संचालकपदावर बसायला त्यांना चार वर्षं ताटकळावं लागलं. ज्येष्ठता होती, काम होतं, पण बाई होत्या आणि आतलं राजकारण होतं. बंगळूरच्या दारात बसलेल्या मुलीला पन्नाशी आली तरी दार तसंच होतं. शेवटी त्या संचालक झाल्याच.

त्यांचं आणखी एक काम आपल्यासाठी फार जवळचं. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहक मार्गदर्शन संस्था, म्हणजे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. भेसळ, खोटं वजन, खोट्या जाहिराती याविरुद्ध उभं राहणारी ही संस्था. कमलाबाई तिच्याशी पहिल्यापासून जोडलेल्या होत्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या आणि 'कीमत' या तिच्या मासिकात साध्या भाषेत लिहीत असत. प्रयोगशाळेतलं ज्ञान गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत न्यायचं, असा तो ध्यास होता.

मला त्यांची आठवण येते ती गृहभेटीला जाते तेव्हा. मागे एका घरी सहा महिन्यांची गरोदर सून जेवायला बसलेली होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, शेवटी. पातेल्यात डाळीचं वरचं पिवळं पाणी उरलेलं. तेच तिनं भातावर घेतलं. घर काही उपाशी नव्हतं, पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात डाळ घट्ट गेली होती, कोणी मुद्दाम केलं असंही नाही. अंगणवाडीच्या ताईंनी तिला प्रोटीन खा म्हणून सांगितलं होतं. तिनं मला तक्रार केली की ताई, प्रोटीनचा डबा परवडत नाही हो. डाळ म्हणजेच प्रोटीन, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, हिशेब साधा आहे. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण सेहेचाळीस ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत त्यावर आणखी वीस-बावीस ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे पंचवीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण पोटात गेलं तर पाच-सहा ग्रॅम मिळतात, वरच्या पाण्यात मात्र नावालाच. त्यात भाकरी-भात, दूध-दही, शेंगदाणे, हरभरे, जमेल तेव्हा अंडं किंवा मासे यांची भर घालायची. महागडा डबा नसला तरी चालतं, पण वाढताना पळी तळापर्यंत गेली पाहिजे आणि ती आपल्या ताटातही वळली पाहिजे. त्या दिवशी मी त्या सासूबाईंशी याच एका गोष्टीवर बोलले. पुढच्या भेटीत सुनेचं ताट सगळ्यांबरोबर वाढलेलं दिसलं.

१९९८ साली दिल्लीला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं कमलाबाईंचा सत्कार ठेवला होता. परिषदेच्या महासंचालकपदी बसलेल्या पहिल्या स्त्री म्हणजे डॉ. जी. व्ही. सत्यवती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. नाव मात्र पुष्कळ वर्षं अडगळीतच राहिलं. दुर्गाबाई आपल्या पाठ्यपुस्तकातून भेटल्या, त्यांची शास्त्रज्ञ बहीण आपल्याला कोणी भेटवलीच नाही. १८ जून २०२३ रोजी गूगलनं आपल्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र झळकवलं, तेव्हा ही बाई कोण म्हणून अनेकांनी शोधलं. शोधणाऱ्यांत मीही होते.

गेल्या श्रावणात भाची माहेरपणाला आली होती. तिची लेक पाचवीत आहे. आम्ही तिघी वाल सोलत बसलो होतो. सालं का काढायची, मोड का आणायचे, कुकरला का नाही लावायचं, असे तिचे एकामागून एक प्रश्न. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. कमलाबाईंची सगळी गोष्ट सांगितली, दारात बसलेल्या मुलीची आणि वालातल्या अडवणुकीची. पोरगी ऐकत राहिली. भाची मात्र खाली मान घालून सोलत होती.

पोरगी उठून गेल्यावर मी भाचीला सांगितलं की तेव्हा पुण्याला जाऊ दिलं नाही, त्यात मीही होते, आणि ते माझं चुकलं. तिनं परातीतले वाल सारखे केले. जरा वेळानं म्हणाली काही नाही, फक्त हसली आणि लेकीकडे बोट दाखवलं. हिच्या वेळी मात्र मावशीनं आपल्या बाजूनं बसायचं, असा त्याचा अर्थ. मी कबूल केलंय.